नवशिक्याची चकती

माणसाला आळशी म्हटलेले चालते. विसराळू म्हटलेले तर आवडतेसुद्धा. कारण विसरभोळेपणा हे विद्वत्तेचे लक्षण आहे अशी एक सोयीस्कर समजूत आपण सर्वांनी मिळून रूढ करून ठेवली आहे. पण नवशिक्या म्हटलेले कुणालाही खपत नाही. पेटी शिकायला बसलेला मनुष्य पहिल्याच दिवशी मास्तरांकडे नाट्यगीत मागतो. सूर धरून बसण्याची त्याला लाज वाटते. आमच्या लहानपणी गावात तासावर सायकली भाड्याने मिळत. दुकानदाराने मुलांसाठी दोन बुटक्या सायकली मुद्दाम आणून ठेवल्या होत्या. त्या बिचाऱ्या भिंतीला टेकून धूळ खात उभ्या असत, आणि गावातली यच्चयावत पोरे बावीस इंची सायकल घेऊन, नळीखालून तिरका पाय घालून, अर्धे पायडल मारीत रस्त्याने लंगडत जात. गुडघे फुटत, पण प्रतिष्ठा शाबूत राही.

मी चाळीस वर्षे सांगलीच्या एका शाळेत गणित शिकवले. त्या चाळीस वर्षांत हा रोग मी इतक्या तऱ्हांनी पाहिला की, आता त्यात मला नवे काही दिसणार नाही असे वाटत होते. परंतु निवृत्तीनंतर मुलाकडे अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरी सहा महिने राहायला गेलो, तिथे एका चकतीने मला हा धडा नव्याने शिकवला.

चकती म्हणजे फ्रिस्बीची सख्खी धाकटी बहीण. या खेळाचे नाव डिस्क गोल्फ. गोल्फमध्ये काठीने चेंडू मारीत मारीत तो दूरच्या भोकात घालायचा असतो. इथे काठी नाही, चेंडू नाही आणि भोकही नाही. हातातली चकती फेकायची, जिथे पडेल तिथून पुन्हा फेकायची, आणि शेवटी एका खांबाला लटकवलेल्या साखळ्यांवर आदळून ती खालच्या टोपलीत पडली की झाले. कमीत कमी फेकींत जो हे अठरा वेळा करील तो जिंकला. बहुतेक ठिकाणी हे मैदान सार्वजनिक बागेतच असते आणि खेळायला दिडकी पडत नाही. एक चकती असली की गडी तयार. माझ्यासारख्या मास्तरच्या मनात या खेळाविषयी पहिला आदर उत्पन्न झाला तो या कारणाने.

दुसरा आदर उत्पन्न झाला तो त्याचा इतिहास वाचून. फ्रेड मॉरिसन नावाचा एक तरुण आणि त्याची होणारी बायको कॅलिफोर्नियाच्या समुद्रकिनाऱ्यावर केक भाजायची पत्र्याची थाळी एकमेकांकडे फेकीत बसली असता एका माणसाने ती थाळी पंचवीस सेंटला विकत मागितली. थाळीची मूळ किंमत पाच सेंट. मॉरिसनने हिशेब केला आणि धंदा सुरू केला. पुढे महायुद्धात तो लढाऊ विमाने चालवून आला, हवेचे शास्त्र शिकला आणि प्लॅस्टिकची तबकडी घडवून 1957 साली त्याने ती व्हॅम-ओ या कंपनीला दिली. तीच जगभर फ्रिस्बी म्हणून गाजली. त्याच कंपनीतल्या एड हेड्रिक या गृहस्थाने तिच्या पाठीवर बारीक वर्तुळाकार रेषा कोरून तिचे उडणे सुधारले. 1975 साली लॉस एंजेलिसजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये त्याने या खेळाचे पहिले कायमचे मैदान आखले, साखळ्यांची टोपली शोधून काढली, आणि 1976 साली खेळाडूंची संघटना स्थापन केली. 2002 साली हेड्रिक वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची राख प्लॅस्टिकमध्ये मिसळून तिच्या चकत्या ओतण्यात आल्या. आपल्याकडे अस्थी नदीत सोडतात. या गृहस्थाने त्या वाऱ्यावर सोडल्या. प्रत्येकाची गंगा निराळी.

आता मूळ गोष्टीकडे येतो. माझा नातू तेरा वर्षांचा. अंगाने शिडशिडीत, बोलणे मोजके; आणि माझ्याशी बोलायचे तर आधी मनात मराठी जुळवावे लागे, त्यामुळे ते आणखीच मोजके. त्याच्या शाळेतली चार-पाच मुले घराजवळच्या बागेत हा खेळ खेळत. तोही जाऊ लागला होता. वाढदिवसाला त्याच्या वडिलांनी त्याला एक चकती आणून दिली. माझा मुलगा कुठलीही गोष्ट अर्धवट करीत नाही. दुकानात जाऊन त्याने विचारले, ‘सर्वांत लांब जाणारी कोणती?’ आणि जी दाखवली ती घेतली. चमकदार, जांभळी, वीस डॉलरची. मोठमोठे खेळाडू ज्या जातीची वापरतात त्याच जातीची.

मी पोहोचलो तेव्हा ती चकती मोटारींच्या खोलीत, जुन्या टेनिसच्या रॅकेटशेजारी, एका खोक्यात पडलेली होती. मी नातवाला विचारले, “काय रे, हल्ली जात नाहीस खेळायला?”

तो म्हणाला, “आजोबा, मला येत नाही.”

हे तीन शब्द मी चाळीस वर्षे ऐकले आहेत. ते उच्चारण्याच्या पद्धती तीन असतात. एकात ‘शिकवा’ असा अर्थ असतो. दुसऱ्यात ‘मला खेळायला जायचे आहे, सोडा’ असा अर्थ असतो. तिसऱ्यात मूल आपल्या गणिताविषयी बोलत नसते, आपल्याविषयी बोलत असते. हे तिसरे ‘येत नाही’ फार हळू आवाजात येते आणि त्यावर मास्तरला रागावता येत नाही. नातवाचे ‘येत नाही’ तिसऱ्या जातीचे होते. रॅकेट आधीच खोक्यात गेली होती. पियानोवर कापड पडले होते. घरात कुणी उघड बोलत नसे, पण हा मुलगा सगळे अर्धवट सोडतो अशी एक समजूत भिंतीवरच्या ओलीसारखी हळूहळू पसरत चालली होती. आणि वाईट गोष्ट ही की, ती त्या मुलापर्यंतही पोहोचली होती.

मी म्हटले, “मला दाखव तरी, कशी येत नाही ते.”

बागेत गेलो. त्याने पाय रोवले, हात छातीशी आणला आणि जीव खाऊन चकती फेकली. ती निघाली झोकात, पण वीस-पंचवीस पावलांवर पोहोचते न पोहोचते तो कुणी कान धरून ओढल्यासारखी डावीकडे वळली आणि झुडपात शिरली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. पाचव्या खेपेला मी त्याच्या हाताकडे न बघता चकतीकडे बघू लागलो. पाचही वेळा ती एकाच जागी, एकाच रीतीने वळली होती. ज्याला येत नाही त्याची चूक दर वेळी वेगळी असते. पाच मुलांचे उत्तर एकसारखे चुकले, तर मास्तराने मुलांकडे बघायचे नसते, प्रश्नपत्रिकेकडे बघायचे असते.

“वस्तू तुझ्या हाताची नाही,” मी म्हटले, “दुकानात जाऊ.”

या खेळात लांब फेकायच्या चकतीला ड्रायव्हर म्हणतात. मी सांगलीच्या मित्राला फोनवर सांगितले की, उद्या आम्ही नातवासाठी ड्रायव्हर निवडायला चाललो आहोत. तो म्हणाला, “पगार किती मागतात हो तिकडे?” वास्तविक त्या दिवशी ड्रायव्हर होत्या आमच्या सूनबाई. त्यांनी आम्हाला दुकानाशी सोडले आणि त्या भाजी घ्यायला गेल्या.

दुकान पाहून मी थक्क झालो. भिंतभर चकत्या. लाल, पिवळ्या, आरपार दिसणाऱ्या, एखाद्या जत्रेतल्या बांगड्यांच्या दुकानासारख्या. आणि प्रत्येकीच्या पाठीवर चार आकडे. मला एकदम घरी आल्यासारखे वाटले. गणिताच्या मास्तराला परमुलखात आकडे भेटले म्हणजे माहेरचे माणूस भेटल्यासारखे होते. दुकानातला दाढीवाला तरुण मोठा सालस. त्याने ते आकडे मला समजावून सांगितले. ती चकतीची जन्मपत्रिकाच म्हणायची.

पहिला आकडा वेगाचा, एकपासून चौदापर्यंत. दुसरा तरंगण्याचा, म्हणजे ती हवेत किती वेळ अंग धरून राहते त्याचा; तो एकपासून सातपर्यंत. तिसरा वळणाचा, अधिक एकपासून उणे पाचपर्यंत. उजव्या हाताने छातीवरून फेकली असता, सुरुवातीच्या भरवेगात ती उजवीकडे किती कलते हे तो सांगतो. उण्याचा आकडा जितका मोठा तितकी ती उजवीकडे जास्त झुकते. चौथा उतरणीचा, शून्यापासून पाचपर्यंत. वेग संपत आला की चकती डावीकडे किती ओढ घेते, हे त्यावरून कळते. डावखुऱ्याने सगळे आरशात पाहिल्यासारखे उलटे वाचायचे.

नातवाच्या जांभळ्या चकतीची पत्रिका अशी होती: तेरा, पाच, उणे एक, तीन.

“तेरा म्हणजे ती खूप वेगाने जाते ना?” नातवाने विचारले. त्यावर त्या तरुणाने जे उत्तर दिले ते मी मनात लिहून ठेवले आहे. तो आपल्या भाषेत म्हणाला त्याचा भावार्थ असा की, हा आकडा देण्याचा नसून मागण्याचा आहे. चकती तेराच्या वेगाने जाईल असे तिने वचन दिलेले नाही. तेराच्या वेगाने फेकाल तर मी नीट उडेन, अशी तिची अट आहे. अट पुरी झाली नाही तर तिच्या तरंगण्याला अर्थ नाही, वळणाला अर्थ नाही. चौथा आकडा तेवढा शिल्लक राहतो आणि ती थेट डावीकडे उतरते. म्हणजे आमच्या मुलाने मोठ्या हौसेने घरात जी आणली ती भेट नव्हती, ती मागणी होती. आणि तेरा वर्षांचे पोर ती पुरवू शकत नव्हते म्हणून स्वतःला दोष देत बसले होते.

नातवाला मात्र हे पटेना. डावीकडेच का, हा त्याचा प्रश्न होता, आणि प्रश्न रास्त होता. मी त्याला भोवरा आठवायला सांगितले. दोन वर्षांपूर्वी तो सांगलीला आला असताना मी त्याला जाळी बांधून भोवरा फिरवायला शिकवले होते. जोरात फिरणाऱ्या भोवऱ्याला बोटाने पुढे ढकलले तर तो पुढे पडत नाही, भलत्याच बाजूला कलतो. फिरणाऱ्या वस्तूचा हा स्वभावच आहे. ढकलावे एकीकडे, ती झुकते काटकोनात दुसरीकडे. चकतीही तशीच. उजव्या हाताने छातीवरून फेकलेली चकती वरून पाहिली तर घड्याळाच्या काट्यांसारखी फिरत असते. भरवेगात हवेची उचल तिच्या मध्यबिंदूच्या मागे लागते आणि तिचे नाक खाली दाबू पाहते. पण फिरती असल्यामुळे नाक खाली न जाता ती उजवीकडे कलते. वेग मंदावला की तीच उचल मध्याच्या पुढे सरकते, नाक वर करू पाहते. आणि चकती डावीकडे कलते. जांभळी चकती फेकल्याक्षणीच आपल्या हिशेबाने मंद होती. म्हणून तिने पहिला अंक वगळून एकदम शेवटचा अंक सुरू केला.

नातू क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “म्हणजे ती मला स्लो समजते.”

“तुला नाही रे,” मी म्हटले, “तिला तू कोण ते ठाऊकच नाही. तिला फक्त वेग कळतो.”

आता नवी चकती निवडायची. दाढीवाल्याचा पहिला सल्ला असा की, खरे म्हणजे नवीन माणसाने ड्रायव्हर घेऊच नये. टोपलीजवळ टाकायची पटर आणि मधल्या अंतराची मिडरेंज या दोन संथ चकत्यांवर हात बसवावा, मग ड्रायव्हरला हात लावावा. संथ चकती हाताची चूक लपवीत नाही, म्हणून ती चांगली शिकवते. पण नातवाचा चेहरा पाहून त्याने पुढे सांगितले की, ड्रायव्हर हवाच असेल तर वेगाचा आकडा सहा ते आठ असावा, फार तर नऊ. तरंगण्याचा पाच किंवा वर. वळणाचा उणे एक-दोन तरी, आणि उतरणीचा एक किंवा त्याहून कमी. म्हणजे वेग थोडा कमी पडला तरी चकती रुसत नाही. उजवीकडे झुकायची तिची प्रवृत्ती आणि डावीकडे उतरायची ओढ एकमेकींना सांभाळून घेतात आणि ती सरळ जाते.

वजनाचेही तसेच. मोठी माणसे पाऊणेदोनशे ग्रॅमच्या आसपासची चकती घेतात. मुलाला किंवा हलक्या हाताच्या माणसाला दीडशे ते एकशे पासष्ट ग्रॅमची पुरे. कमी कष्टात ती अधिक वेग घेते. समोरून जोराचा वारा असला तर मात्र हलकी चकती वाऱ्याचे ऐकते, एवढे लक्षात ठेवायचे. मग कडेची रुंदी. 1983 साली डेव्ह ड्यूनिपेस नावाच्या गृहस्थाने चकतीची कड उताराची, धारदार केली आणि तेव्हापासून गोल्फच्या चकत्या फ्रिस्बीपासून वेगळ्या झाल्या. जितका वेगाचा आकडा मोठा तितकी ही कड रुंद. नियमाप्रमाणे ती 2.6 सेंटिमीटरपर्यंत असू शकते. तेराच्या चकतीला ती या मर्यादेच्या जवळ गेलेली असते, आणि लहान पंजाला ती मुठीत धरताच येत नाही. परातीची कड धरून परात फिरवावी तसे होते. सहा-सातच्या चकतीची कड अरुंद, बोटे तिच्यात सहज वळतात.

शेवटी प्लॅस्टिक. महाग प्लॅस्टिक टिकाऊ, झाडावर आपटले तरी ओरखडा उठत नाही. स्वस्त प्लॅस्टिक हाताला चिकटून बसते, पण लवकर झिजते. मी आयुष्यभर टिकाऊ वस्तू घेत आलो. दाढीवाला म्हणाला, पहिली चकती स्वस्तातलीच घ्या. हरवली तर वाईट वाटत नाही. आणि झिजली तर आणखी मायाळू होते, कारण झिजलेली चकती उजवीकडे जास्त झुकू लागते व हळू फेकणाऱ्यालाही साथ देते. हे वाक्य मला तेव्हा नुसते माहितीचे वाटले होते.

त्याने तीन चकत्या समोर ठेवल्या. लेपर्ड: सहा, पाच, उणे दोन, एक. रिव्हर: सात, सात, उणे एक, एक. डायमंड: आठ, सहा, उणे तीन, एक. मी हात मागे बांधून उभा राहिलो. कोणती चांगली हे मला कळत होते असे नाही. पण निवडणाऱ्याचा हात आणि फेकणाऱ्याचा हात एकच असावा एवढे मला कळत होते. नातवाने तिन्ही हातात धरून पाहिल्या. डायमंडवर त्याची नजर रेंगाळली, कारण आठ हा आकडा सहापेक्षा मोठा. मग हळूच त्याने विचारले, “लेपर्ड बिगिनरची आहे का?”

पुन्हा तो शब्द! सायकलच्या दुकानातल्या त्या दोन बुटक्या सायकली माझ्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या.

दाढीवाला मोठा शहाणा. त्याने काही न बोलता आपली स्वतःची पिशवी काउंटरवर ओतली. वीसेक चकत्या असतील. त्यांत एक लेपर्ड होती. पांढरी, मळकी, कडेला करवतीसारखी झालेली. अशी चकती तो मुद्दाम डावीकडे कलती फेकतो. उडता उडता ती आपोआप सपाट होते आणि लांबवर सरळ जाते. उजवीकडे वळणारी वाट असली तर तीच, आणि जमिनीवरून चाकासारखी घरंगळत न्यायची असली तरी तीच. नवशिक्याला जी सांभाळून घेते तिचा उस्तादाला इतका उपयोग असतो हे पाहून नातवाचे ओठ किंचित हलले. एकशे पन्नास ग्रॅमच्या आतबाहेरची, केशरी रंगाची लेपर्ड आम्ही घेतली. किंमत जांभळीच्या जवळजवळ निम्मी.

दिवाळी अंकातल्या गोष्टीत इथे चमत्कार व्हायला हवा. तसे काही झाले नाही. पहिली फेक उंच गेली आणि पडली, कारण नाक वर होते. दुसरी झाडाला लागली. तिसरी मात्र हातातून सपाट सुटली, मधूनच जराशी उजवीकडे झुकली, सावरली, आणि अगदी शेवटी डावीकडे किंचित मान वळवून गवतावर उतरली. मी पावले मोजली, त्रेसष्ट. जगातला विक्रम 2016 साली डेव्हिड विगिन्स याने नेवाडातल्या प्रिम गावी केलेला 338 मीटरचा मी वाचला होता. पण त्रेसष्ट पावलांचे मला जे वाटले ते त्या आकड्याने वाटले नव्हते. नातू बोलला नाही. नुसता धावत सुटला चकती आणायला. खोक्यात वस्तू ठेवणारा मुलगा असा धावत नाही.

पुढे एका रविवारी आम्ही सगळे सांताक्रूझला गेलो. आमच्या सांताक्रूझला विमाने उतरतात. तिकडच्या सांताक्रूझला समुद्र आहे आणि टेकडीवर डी लाव्हिएगा नावाचे या खेळाचे नामांकित मैदान आहे. तिथल्या सत्ताविसाव्या टप्प्याला ‘जगाचे शिखर’ म्हणतात. उंचावरून चकती सोडायची आणि ती दरीवर तरंगत जाताना पाहायची. लांबवर माँटेरेचा उपसागर. माझ्या मुलाला आतापर्यंत या खेळाविषयी एवढेच कौतुक होते की, 2021 साली पॉल मॅकबेथ नावाच्या खेळाडूशी एका कंपनीने दहा वर्षांसाठी एक कोटी डॉलरचा करार केला. त्या दिवशी त्याने जांभळी चकती बरोबर घेतली होती. त्याने ती पूर्ण ताकदीने फेकली. ती निघाली, आणि कान धरल्यासारखी डावीकडे वळून झाडीत गेली. नातू हसला नाही. त्याने आपली केशरी लेपर्ड वडिलांच्या हातात दिली आणि म्हणाला, “बाबा, ही घ्या. जोर नको. फक्त फ्लॅट.”

चकती समुद्राच्या दिशेने सरळ तरंगत गेली. किती वेळ तरी ती उतरेचना.

उतरणीच्या वाटेने नातू पुढे धावला आणि आम्ही दोघे मागे राहिलो. मुलगा म्हणाला, “अण्णा, तुम्हाला माझी पहिली बॅट आठवते?”

मला आठवत होती. तो सात वर्षांचा असताना आम्ही दोघे सुताराकडे गेलो होतो. त्याच्या कमरेपर्यंत माप घेऊन, दांडा त्याच्या मुठीत बसेल असा तासून घेतला होता. त्या बॅटने त्याने त्या उन्हाळ्यात गल्लीतल्या मोठ्या मुलांना पळवून पळवून दमवले होते.

“चांगली होती,” तो म्हणाला, “तशी बॅट मला पुन्हा मिळाली नाही. पण मुले तिला लाटणे म्हणायची. मी चौकार मारला तरी म्हणायची, लाटण्याने मारला. घरी कधी सांगितले नाही. तेव्हाच ठरवले होते, मला मुलगा झाला तर त्याच्या हातात पहिल्या दिवसापासून मोठ्यांची वस्तू द्यायची. त्याला कुणी हसता कामा नये.”

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे होते ते सारे त्या दोन वाक्यांत आले होते. जी महागडी चकती मला इतके दिवस हौसेची आणि घाईची वाटत होती तिच्या मुळाशी एका सात वर्षांच्या मुलाचा अपमान होता, आणि तो पुसून टाकण्याची बापाची माया होती. माप चुकले होते, माया चुकली नव्हती. जगात चुकीच्या मापाच्या पुष्कळशा वस्तू अशाच आलेल्या असतात. एवढेच की, माया मोजताना आपण आपल्या बालपणाचे माप लावतो आणि समोर दुसरेच मूल उभे असते.

“मग आता त्या जांभळीचे काय करायचे?” मुलाने विचारले.

“ठेवायची,” मी म्हटले, “तेराची अट तो एक दिवस पुरी करील. तोपर्यंत वस्तू खोक्यात थांबली तर बिघडत नाही; पोरगा खोक्यात जाता कामा नये.”

माझे सहा महिने संपत आले तेव्हा केशरी लेपर्ड ओळखू येईनाशी झाली होती. डांबरावर घासून, ओकच्या खोडांवर आपटून तिची कड झिजली होती, रंग उडाला होता. नातवाचा हात आता पक्का झाला होता. त्याने फेकली की ती इतकी उजवीकडे वळे की, सरळ न्यायची तर डावीकडे कलती धरूनच सोडावी लागे. त्याच दाढीवाल्याकडून त्याने आपल्या साठवलेल्या पैशांतून टिकाऊ प्लॅस्टिकची दुसरी लेपर्ड घेतली. आकड्यांविषयी त्याने माझा सल्ला विचारला नाही, हे मला फार आवडले.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी त्याने ती जुनी झिजलेली चकती माझ्या हातात ठेवली. “आजोबा, ही तुम्हाला,” तो म्हणाला. मग थोडा थांबून, मनातल्या मनात मराठी जुळवून त्याने वाक्य पुरे केले, “आता ही हळू हाताला पण ऐकते.”

अडुसष्टाव्या वर्षी मला इतक्या अदबीने कुणी नवशिक्या म्हटले नव्हते. मी पाय रोवले, हात छातीशी आणला, आणि जोर न लावता ती सपाट सोडली.

“एकोणतीस!” पलीकडून पावले मोजीत गेलेला नातू ओरडला. “आजोबा, सरळ गेली!”